पेढीच्या नेटवर्कची वही कोठे आहे?

संघाच्या स्मरणिकेसाठी व्यापारविषयक चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा भावातील चढउतार, बाजार समितीचे नियम, कराचा बोजा हे नेहमीचे विषय डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांवर आमच्याहून अधिकारी मंडळी लिहितीलच. आम्ही जो विषय घेत आहोत तो प्रथमदर्शनी व्यापाऱ्याचा वाटणार नाही. तो संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाचा आहे, असेच पुष्कळांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. त्या समजुतीची किंमत अडीच दिवसांच्या बंद पेढीने मोजल्यावर आमचे मत बदलले, आणि तेच मत व्यापारी बंधूंपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हकीकत २०२२ सालच्या मे महिन्यातील. वळवाचा पाऊस बेळगावात नवा नाही. त्या संध्याकाळी रविवार पेठेवर वीज कडाडली, दिवे गेले आणि आले, आणि आमच्या पेढीतील राउटर म्हणून जी लहानशी पेटी भिंतीवर असते ती कायमची निमाली. आम्ही निश्चिंत होतो. कारण हिशेबाच्या बाबतीत आमची शिस्त कडक आहे. दररोज रात्री दिवाणजी हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतात, आठवड्यातून एक प्रत मोठ्या डिस्कवर घेऊन ती घरी तिजोरीत ठेवतात. सर्व हिशेब शाबूत होता. राउटर काय, बाजारात दोन-तीन हजारांस मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा आणून लावला. दिवे लागले, इंटरनेटही तासाभराच्या खटपटीने सुरू झाले. पण पेढी सुरू होईना.

बिले छापणारा प्रिंटर मुका झाला. दिवाणजींच्या संगणकास हिशेबाचा मुख्य संगणक सापडेना. यार्डातील गोदामात वजनकाट्याची चिठ्ठी निघे, परंतु ती पेढीवर येऊन पोहोचत नसे. गोव्यास जावयाच्या दोन गाड्या तांदूळ आणि डाळी भरून उभ्या. त्यांची बिले निघेनात, आणि कागदांवाचून चोर्ला घाटाची वाट धरणे शक्य नव्हते. खानापूरकडील एक जुने गिऱ्हाईक लग्नघरच्या तांदळासाठी टेम्पो घेऊन आले होते. त्यांना कच्च्या चिठ्ठीवर माल दिला, पण वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकापुढे हात जोडून उभे राहण्याची वेळ आमच्यावर आली. हिशेबाची वही शाबूत असून ती उघडता येऊ नये, असा तो प्रकार होता.

असे का झाले, हे आम्हांस मागाहून समजले. पेढीतील प्रत्येक यंत्रास, मग तो संगणक असो, प्रिंटर असो वा कॅमेऱ्यांची पेटी असो, एक अंकी पत्ता असतो. जुन्या राउटरच्या वस्तीचे पत्ते १९२.१६८.१ या अंकांनी सुरू होत. नव्या राउटरने कारखान्यातून येताना १९२.१६८.० अशी निराळीच वस्ती बरोबर आणली. प्रिंटर आपल्या जुन्या घरी बसून राहिला आणि सगळे त्याला नव्या गल्लीत शोधू लागले. फरक एका अंकाचा. पेढी आणि गोदाम यांना जोडणारी जी सुरक्षित वाट होती, तिच्या दोन्ही टोकांस एकच गुप्त शब्द असावा लागतो. गोदामाकडील टोकास तो ठाऊक होता, पेढीकडील टोक जळून गेले होते. सेवा देणाऱ्या कंपनीने दिलेला कायमचा पत्ता कोणता, आत येण्यास परवानगी कोणास, पाहुण्यांच्या मोबाइलसाठी वेगळी ठेवलेली जोडणी कशी होती, या सर्व गोष्टी त्या एका पेटीत साठविलेल्या होत्या. पेटी तीन हजारांची होती. पण तिच्यात जी मांडणी होती, जिला तंत्रज्ञ सेटिंग म्हणतात, तीच खरी मोलाची होती, आणि तिची एक ओळही आमच्यापाशी लिहिलेली नव्हती.

ती मांडणी ज्या तरुणाने बसविली होती तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला होता. दूरध्वनीवरून तो जेवढे आठवेल तेवढे सांगत राहिला. एक गुप्त शब्द त्यालाही आठवेना, तेव्हा गोदामाची वाट मुळापासून पुन्हा बांधावी लागली. आम्ही त्राग्याने दोन शब्द अधिक बोललो, त्यावर तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, काम झालं त्या दिवशी सगळं लिहून देतो म्हणालो होतो. पंधराशे रुपये होतील म्हटलं, तर तुम्हीच नंतर पाहू म्हणालात." हे अक्षरशः खरे होते. पंधराशे रुपये आम्ही वाचविले होते. दोन गाड्यांच्या थांबण्याचे भाडेच त्याच्या कित्येक पट गेले. दोष त्याचा नव्हता. जी वस्तू पेढीच्या मालकीची, ती आम्ही परक्याच्या स्मरणशक्तीवर सोडली होती.

आमचे म्हणणे थोडक्यात हे, की नेटवर्कची मांडणी ही पेढीची मालमत्ता आहे. ती तंत्रज्ञाच्या डोक्यात न ठेवता पेढीच्या दप्तरात असली पाहिजे, आणि तिची जबाबदारी मालकाने रोकडवहीइतकीच स्वतःकडे घेतली पाहिजे. हिशेबाच्या बॅकअपविषयी आता आपण सर्व जागे झालो आहोत. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला, वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने दप्तर राखण्याचे बंधन आले, आणि कायद्याच्या धाकाने का होईना आपण वह्या राखू लागलो. नेटवर्कच्या मांडणीविषयी किरकोळ पेढीला असे विचारणारा कोणी अधिकारी नाही; म्हणून ती अनाथ राहिली आहे. कायदा विचारीत नाही म्हणून नुकसान थांबत नाही.

हा दोष केवळ आपल्यासारख्या लहान पेढ्यांचा नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री आपल्यापैकी अनेकांचे व्हॉट्सॲप बंद पडले होते, ते स्मरत असेल. फेसबुक कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने हे घडले, आणि सुमारे सहा तास जगभर व्यवहार ठप्प झाला. दुरुस्तीसाठी जी साधने वापरावयाची तीही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्यामुळे अभियंत्यांस आत शिरणेच कठीण झाले. पुढच्या वर्षी, ८ जुलै २०२२ रोजी, कॅनडातील रॉजर्स या कंपनीच्या नेटवर्कमध्ये बदल करताना एक गाळणी काढली गेली. मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आला आणि ते कोसळले. एक कोटीहून अधिक ग्राहक तुटले, आणि त्या देशात दुकानांतून ज्या इंटरॅक पद्धतीने पैसे दिले जातात तीही बंद पडली. कंपनीच्या अभियंत्यांचे मोबाइलही त्याच नेटवर्कवर चालत असल्याने एकमेकांशी बोलणेही त्यांना दुरापास्त झाले. या मोठ्यांच्या फजितीतून लहानाने घ्यावयाचा धडा असा, की नोंद आणि दुरुस्तीची वाट ही मूळ यंत्रावर अवलंबून असता कामा नये. मांडणीची प्रत त्याच संगणकात ठेवली, की जो नेटवर्कवाचून उघडत नाही, तर ती असून नसल्यासारखीच. म्हणून आम्ही कागदाचा आग्रह धरतो.

आता प्रत्यक्षात काय करावे, ते आमच्या अनुभवातून सांगतो.

पहिली गोष्ट, बहुतेक राउटरांत आपली संपूर्ण मांडणी एका फाइलच्या रूपाने बाहेर काढण्याची सोय असते. तंत्रज्ञाकडून ती फाइल काढून घ्यावी आणि तिच्या नावातच तारीख घालावी. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नये. कारण चुकीचा बदल झाला तर नव्या प्रतीत चूकही उतरते, आणि मागे जावयास वाट राहत नाही. निदान शेवटच्या पाच प्रती राखाव्यात. एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक पेढीबाहेर, हा जाणकारांचा नियम आपल्याला नवा वाटू नये. मौल्यवान कागद एकाच कपाटात ठेवू नयेत, हे आपल्या वडीलधाऱ्यांनीही सांगितले आहे.

दुसरी गोष्ट, फाइल पुरेशी नाही. एका कंपनीच्या राउटरची फाइल दुसऱ्या कंपनीच्या राउटरला चालत नाही. कित्येकदा त्याच कंपनीच्या निराळ्या नमुन्यालाही चालत नाही. जळालेला नमुना बाजारातून नाहीसा झालेला असतो. म्हणून तीच मांडणी साध्या मराठीत कागदावर लिहून ठेवावी: कोणत्या यंत्राचा पत्ता काय, कोणती तार स्विचच्या कितव्या भोकात, सेवा देणाऱ्या कंपनीचा ग्राहक क्रमांक कोणता, गोदामाची जोडणी कोणत्या पद्धतीची. इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी उतरावीत. लहान लिपी व मोठी लिपी यांत भेद असतो. शून्य आणि ओ अक्षर, एक आणि एल अक्षर यांची गल्लत होते. आमच्या दिवाणजींनी शून्यावर आडवी रेघ मारण्याची रीत घातली, तेव्हापासून तो घोटाळा मिटला.

तिसरी गोष्ट आमच्या एका स्नेह्यांच्या पेढीत घडली. तिथल्या मोठ्या स्विचमध्ये तंत्रज्ञाने दुरुस्ती केली, सर्व सुरळीत झाले, तो पैसे घेऊन गेला. आठ दिवसांनी वीज गेली आणि आली, आणि सर्व दुरुस्ती पुसली गेली. कारण अशा यंत्रांत चालू मांडणी आणि पक्की मांडणी अशा दोन असतात. बदल प्रथम चालू मांडणीत होतो. तो मुद्दाम पक्का केला नाही तर वीज जाताच नाहीसा होतो. व्यापाऱ्याला हे समजण्यास पदवी नको. कच्च्या वहीत टिपले पण खतावणीत चढविले नाही, तर रक्कम कोठे राहते? तेव्हा तंत्रज्ञ उठण्यापूर्वी त्याला दोनच प्रश्न विचारावेत: बदल पक्का केला काय? आणि नवी प्रत काढली काय? दोन्हींस होकार मिळाल्यावर पैसे द्यावेत. प्रत्येक बदलाची तारीख, कारण आणि करणाऱ्याचे नाव एका लहान वहीत लिहावे. आमच्या पेढीत ती वही रोकडवहीशेजारीच असते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. प्रत काढली म्हणजे काम संपले नाही. ती चालते की नाही हे पाहिले पाहिजे. आम्ही त्याच नमुन्याचा एक राउटर शिलकीत घेतला, आणि एका रविवारी पेढी बंद असताना प्रत त्यावर चढवून पाहिली. पहिल्या खेपेस ती चढलीच नाही; अर्धवट उतरलेली होती. ही गोष्ट रविवारी समजली म्हणून आम्ही हसलो. तीच सोमवारी गाड्या उभ्या असताना समजली असती तर हसू आले नसते.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गुप्त शब्द कागदावर लिहिले तर ते चोरीस जातील. न लिहिलेलेच बरे. या आक्षेपात तथ्य आहे. मांडणीच्या फाइलमध्ये पेढीच्या सर्व दारांच्या किल्ल्या असतात; काही यंत्रांत तर त्या उघड्या अक्षरांत असतात. म्हणून ही फाइल व्हॉट्सॲपवर कोणास पाठवू नये, तंत्रज्ञाच्या लॅपटॉपवर राहू देऊ नये, आणि साधत असेल तर कुलूपबंद करून ठेवावी. त्या कुलपाचा शब्द निराळ्या ठिकाणी असावा. कागद लाखेने बंद केलेल्या पाकिटात घालून तिजोरीत ठेवावा, पाकिटावर मालकाची सही असावी, आणि ते उघडले तर कोणी, केव्हा, कशासाठी, हे लिहावे. तिजोरीची किल्ली हरवेल या भीतीने आपण तिजोरी उघडी ठेवीत नाही, आणि चोरीच्या भीतीने तिची दुसरी किल्ली करण्याचेही टाळीत नाही. तोच विवेक येथे लागू आहे.

दुसरा आक्षेप असा, की आता सर्व हिशेब दूरच्या संगणकांवर, ज्याला क्लाउड म्हणतात तेथे ठेवण्याचे दिवस आहेत. मग पेढीतील पेटीची काळजी कशाला? हिशेब दूर गेला तरी तेथपर्यंत जाण्याची वाट आपल्याच पेढीतून निघते. वजनकाटा, प्रिंटर आणि कॅमेरे तर आपल्याच भिंतीत आहेत. उलट सर्व काही त्या वाटेवर अवलंबून राहू लागले, म्हणून तिची नोंद पूर्वीपेक्षा अधिक अगत्याची झाली आहे.

तिसरा आक्षेप कोणी बोलून दाखवीत नाही, पण मनात असतो: आमचा माणूस विश्वासू आहे. आमचाही होता, आणि आजही आहे. पण विश्वासू माणूस आजारी पडतो, परगावी जातो, विसरतो. जी विद्या एकाच माणसाच्या ठायी आहे ती त्याच्याबरोबर जाते. ही गोष्ट जैन समाजास कोणी नव्याने सांगावी असे नाही. गिरनारच्या चंद्रगुंफेत धरसेनाचार्यांना, आपल्यापाशी असलेले श्रुतज्ञान आपल्यामागे लोपेल अशी चिंता वाटली, आणि त्यांनी दक्षिणेतून दोन मुनींना बोलावून घेतले, अशी आपली परंपरा सांगते. त्यांची परीक्षा पाहण्यासाठी आचार्यांनी दोन मंत्र दिले. एकात एक अक्षर अधिक, दुसऱ्यात एक उणे. साधना केली तेव्हा एक देवता दात पुढे आलेली आणि एक एकाक्ष अशी प्रकट झाली. मुनींनी चूक ओळखली, व्याकरणाने मंत्र शुद्ध केले, मगच देवता आपल्या खऱ्या रूपात दिसल्या. तेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी प्रसिद्ध झाले, आणि षट्खंडागम लिहिला गेला. श्वेतांबर परंपरेतही वलभीस देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले, ते याच चिंतेपोटी.

आणि एकच प्रत असण्यातील धोकाही आपण पाहिला आहे. षट्खंडागमावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या बसदीत ताडपत्रांवर होती; इतरत्र ती अभ्यासकांस दुर्लभ होती. तिच्या नकला व्हाव्यात म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद हे व्यापारीच होते. १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून तिचा पहिला खंड छापून निघाला. शास्त्राची थोरवी आणि राउटरची पेटी यांची तुलना करण्याचा अविनय आम्ही करीत नाही. परंतु जपण्याची जी वृत्ती पूर्वजांनी मोठ्या वस्तूविषयी दाखविली, ती लहान वस्तूविषयी तरी आपण सोडू नये, एवढेच म्हणणे आहे.

या परंपरेतूनच आमची सूचना निघते. ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. त्या दिवशी आपण पोथ्या बाहेर काढतो, झटकतो, नवी वेष्टने घालतो. कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी, आणि व्यापाऱ्यांची लाभपंचमीही तीच. या दोन पंचम्यांस प्रत्येक पेढीने नेटवर्कची नोंद काढून तपासावी: पत्ते बदलले काय, गेलेल्या नोकराचा गुप्त शब्द अजून चालतो काय, प्रत उघडते काय. एक तास पुरेल. पहिली तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर होईल, दुसरी नव्या वह्यांबरोबर. यास वेगळा मुहूर्त नको आणि विसरही पडणार नाही.

संघाने यात किती भाग घ्यावा? सभासदांची पाकिटे संघाच्या कार्यालयात ठेवावीत असे काहींनी सुचविले. आम्ही त्याच्या विरुद्ध आहोत. आपण एकमेकांचे बांधव असलो तरी बाजारात स्पर्धकही आहोत, आणि सर्वांच्या किल्ल्या एकाच ठिकाणी ठेवणे हे चोरास आमंत्रण आहे. संघाने एवढेच करावे: नोंदीचा एक पानी छापील नमुना मराठीत व कन्नडात तयार करून प्रत्येक सभासदास द्यावा, एका जाणत्या तंत्रज्ञाशी वर्षाचा ठराव करून ज्या लहान पेढ्यांस परवडत नाही त्यांची पहिली नोंद संघाच्या खर्चाने करून द्यावी, आणि निरनिराळ्या नमुन्यांचे दोन-तीन राउटर कार्यालयात ठेवून अडचणीच्या वेळी सभासदास उसने द्यावेत. येत्या वार्षिक सभेत हा ठराव यावा, अशी आमची विनंती आहे. खर्चाचा आपला वाटा उचलण्यास आम्ही तयार आहोत.

त्या पुण्याच्या तरुणाचे पंधराशे रुपये आम्ही पुढे दिले, आणि त्याने दिवाळीच्या सुटीत येऊन चार पाने स्वच्छ अक्षरात लिहून दिली. ती आज आमच्या तिजोरीत आहेत. वाचकांनी हा लेख बाजूला ठेवून आपल्या पेढीत एकच प्रश्न विचारावा: आज रात्री ती पेटी जळाली, तर उद्या सकाळी कोणता कागद उघडणार? उत्तर मिळाले तर आमचे लिहिणे अनावश्यक ठरले, याचा आम्हांस आनंदच होईल. न मिळाले तर पुढच्या पंचमीची वाट न पाहता कामास लागावे.

जय जिनेंद्र.